लढत कुठे होणार, हे कोण ठरवतं?

पत्र:

"माझं वय 22. आठवीपासून सहा वर्षं कराटे केलं, ब्राउन बेल्टपर्यंत पोचले, मग अभ्यासाच्या नादात सुटलं. आता नोकरी लागली आहे आणि मला एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ज्यात ठोसे-लाथा आणि जमिनीवरची झुंज दोन्ही चालतात) करायचं आहे. नुसतं व्यायाम म्हणून नाही, एक तरी हौशी लढत लढायची आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मोकळ्या मिळतात. चौकशी केली तर प्रत्येकाचं वेगळं. कुणी म्हणतं मुए थाई कर, कुणी म्हणतं जमिनीवरच्या झुंजीच्या जिउ-जित्सूशिवाय गत्यंतर नाही, कुणी म्हणतं आधी बॉक्सिंग करून हात तयार कर. मागच्या महिन्यात एका जिममध्ये ट्रायलला गेले. माझ्यापेक्षा लहानखुऱ्या मुलीने मला धरलं, पाडलं आणि पुढची तीन मिनिटं मी पाठीवर पडून होते. एकही किक मारता आली नाही. घरी येऊन रडले. माझी कराटेची सहा वर्षं वाया गेली का? आणि आता सुरुवात कशाने करू?"
— ब्राउन बेल्ट

उत्तर:

प्रिय ब्राउन बेल्ट,

रडलीस हे तू लपवलं नाहीस, तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहिते. मी किकबॉक्सिंगमधून आले. पाच वर्षं पॅडवर किक मारून नडग्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि पहिल्या एमएमए लढतीत पहिलं मिनिट संपायच्या आत मी पाठीवर होते. कोपऱ्यातून माझा कोच जीव तोडून ओरडत होता, "ऊठ! ऊठ!" मला ते स्वच्छ ऐकू येत होतं. पण खालून उठायचं कसं, हे त्याने मला कधी शिकवलंच नव्हतं. छातीवर तिचं वजन, जबड्यावर रुतलेला तिचा खांदा, डोळ्यांपुढे छताचे दिवे. त्या तीन मिनिटांत तुला काय वाटलं असेल, ते मला वेगळं सांगायला नको.

म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून. कुस्तीपासून सुरुवात कर. तुझ्या हाताशी कुस्तीचा चांगला वर्ग नसेल तर ज्युडो किंवा साम्बो, ही रशियन कुस्ती. तेही नसेल तर अशी एमएमए जिम, जिथे आठवड्यातून निदान दोन दिवस फक्त पाडणं, पडू न देणं आणि पडल्यावर उठणं एवढंच चालतं.

तुला सल्ला देणारे सगळे एकाच प्रश्नाचं उत्तर देत होते: कोणती कला भारी? एमएमएत त्याआधी एक प्रश्न येतो. लढत उभ्याने होणार की जमिनीवर, हे दोघींपैकी कोण ठरवणार? तुझी किक त्या मुलीच्या किकपेक्षा चांगलीच असेल, त्याबद्दल मला शंका नाही. पण ती वापरायची संधी मिळणार की नाही हे तिच्या हातात होतं, तुझ्या नव्हे.

हा प्रश्न या खेळाच्या जन्मापासून आहे. नोव्हेंबर 1993 मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी, म्हणजे आजची एमएमएची सर्वांत मोठी स्पर्धा, झाली तेव्हा आठ जण उतरले होते, आणि वजनगट नव्हते. ऐंशी किलोच्या आसपासचा रॉईस ग्रेसी एकाच रात्री तिघांना हरवून जिंकला. पहिली लढत आर्ट जिमरसन या बॉक्सरशी. जिमरसन एकाच हातात बॉक्सिंगचा ग्लोव्ह घालून आला होता. ग्रेसीने त्याला पाडलं, छातीवर मांड ठोकली आणि जिमरसनने टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली. धड गळा आवळणारा चोक लागला नव्हता की हाताचं कोपर उलटं ताणणारा आर्मबार. आपण इथून सुटू शकत नाही, एवढं कळणं त्याला पुरलं. लोकांनी त्या रात्रीवरून निष्कर्ष काढला की जिउ-जित्सू सर्वांत भारी. मग मोठे कुस्तीपटू आले आणि त्यांना खाली पाडून वरून ठोसे मारणं जमलं. त्यांतला मार्क कोलमन 1997 मध्ये यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता झाला. आता कुस्ती भारी, असं ठरलं. त्याच वर्षीच्या जुलैत कोलमनला मॉरिस स्मिथने हरवलं, आणि स्मिथ होता किकबॉक्सर! पण तो जमिनीवर तग धरायला शिकून आला होता. 21 मिनिटं चाललेल्या त्या लढतीत त्याने खालून बचाव केला, कोलमनला दमवलं, उठला आणि मग लाथा-बुक्क्यांनी निर्णय आपल्या बाजूला ओढला. तिन्ही वेळा जिंकला तो, ज्याला लढत आपल्याला हवी तिथे नेता आली किंवा नको तिथून सोडवून घेता आली.

बायकांच्या यूएफसीतल्या विजेतेपदाच्या एका पट्ट्याचा प्रवास तर मला आजही पाठ आहे. रोंडा राऊझी ज्युडोतून आली, 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली कांस्यपदक विजेती. धरायचं, फेकायचं, आर्मबार लावायचा; एमएमएत तोवर एकही लढत हरली नव्हती. नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होल्म तिच्यासमोर उभी राहिली. होल्म बॉक्सिंगची जगज्जेती. राऊझी धरायला धावायची आणि होल्म तिथे नसायची. बाजूला सरकायची, जाताजाता डाव्या हाताचा ठोसा लावायची, आणि पकड बसलीच तर सोडवून घ्यायची. दुसऱ्या राउंडमध्ये डोक्यावर बसलेल्या किकने सगळं संपलं. चारच महिन्यांनी, मार्च 2016 मध्ये, होल्म पाचव्या राउंडमध्ये मिशा टेटविरुद्ध गुणांवर पुढे होती. शाळेत मुलांच्या संघातून कुस्ती खेळलेल्या टेटला शेवटच्या राउंडमध्ये एकदाच पकड मिळाली, तिने होल्मची पाठ घेतली आणि मागून चोक लावला. होल्मने टॅप केलं नाही, शुद्ध हरपेपर्यंत ती हवेत ठोसे मारत राहिली. मग त्याच जुलैत अमांडा नुनेसने टेटला आधी ठोशांनी खिळखिळं केलं आणि मग चोकने संपवलं. आठ महिन्यांत एक पट्टा चार जणींच्या कमरेला. हे सगळं एकदा बघ, पण ठोसे बघू नकोस. पाय बघ. कोण कुणाला कुठे ढकलत नेते आहे, तेवढंच बघ.

आता तुझ्या ट्रायलकडे येते. मी तिथे नव्हते, तरी अशी दृश्यं शेकड्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे अंदाज सांगते. तू कराटेच्या पवित्र्यात उभी असशील: अंग तिरकं, पाय लांब, पुढच्या पायावर बराच भार, हात थोडे खाली. किकला अंतर लागतं. तिने ते अंतर एका झेपेत खाल्लं. तिचं डोकं तुझ्या हनुवटीखाली आलं असेल, एक हात तुझ्या काखेतून वर गेला असेल आणि तिची कंबर तुझ्या कंबरेच्या खाली असेल. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जिची कंबर खाली, तिच्या हातात दुसरीचं वजन. त्या क्षणी तू मागे रेललीस, कारण न शिकलेला प्रत्येक माणूस मागेच रेलतो. मग तिने पट काढला असेल, म्हणजे पाय धरून ओढले असतील, किंवा नुसता पाय अडकवला असेल, फरक पडत नाही. तू आधीच निम्मी पडलेली होतीस.

कुस्तीचा चांगला कोच पहिल्या महिन्यात नेमकं हेच मोडून काढतो. गुडघे वाकवून उभं राहणं. समोरचीच्या मनगटांशी आणि मानेशी सतत झगडणं, म्हणजे तिचे हात तुझ्या काखेत शिरणारच नाहीत. आणि स्प्रॉल: ती पायांवर झेपावली की दोन्ही पाय झटकन मागे फेकायचे आणि आपली कंबर तिच्या खांद्यांवर टाकायची. पहिल्या आठवड्यात मांड्या पेटतात, कोपरं सोलतात, आणि आपण काहीच शिकत नाही असं वाटतं. शिकत असतेस. कुस्तीची आणखी एक देणगी आहे, जी बाहेरून दिसत नाही. कुणी अंगावर वजन टाकलं, श्वास कोंडला, तरी डोकं थंड ठेवून पुढचं काम करायचं, ही सवय. ठोसे मारणं उशिराही शिकता येतं. ही सवय जितकी लवकर लागेल तितकी बरी.

जिउ-जित्सू तुला लागणारच आहे, पण त्यातलं काय आधी घ्यायचं ते नीट निवड. गी, म्हणजे तो जाड कापडी पोशाख, न घालता सराव होतो तो वर्ग शोध. गीची कॉलर आणि बाही धरून केलेल्या करामती केजमध्ये, म्हणजे लढतीच्या जाळीच्या पिंजऱ्यात, उपयोगाच्या नाहीत, तिथे धरायला कापडच नसतं, आणि घामाने अंग निसटतं. दुसरं म्हणजे, जिउ-जित्सूच्या स्पर्धेत पाठीवर पडून गार्डमधून, म्हणजे वरचीला पायांनी अडवून, खेळणारी मुलगी आरामात जिंकू शकते. एमएमएत वरची मुलगी मारतही असते. लढत सहसा तीन राउंडची, प्रत्येक राउंड पाच मिनिटांचा. त्यातली चार मिनिटं खाली काढलीस तर तो राउंड बहुतेक गेलाच म्हणून समज. तेव्हा पहिलं वर्ष सुटकेचं: छातीवर बसलेलीच्या खालून सुटणं, बाजूच्या दाबातून गुडघा आत घालून जागा करणं, पाठ कुणाला न देणं. चोक आणि सांध्यांची कुलपं आपोआप येतील.

आणि उठणं. हे कागदावर सांगणं अवघड आहे, तरी सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठीवर सपाट पडून उठता येत नाही. आधी एका कुशीवर हो, समज उजव्या. उजव्या हाताचा तळवा मागे जमिनीवर टेकव. डावा पाय गुडघ्यात दुमडून पाऊल घट्ट रोव. डावा हात चेहऱ्यापुढे, तो तिचं डोकं किंवा खांदा अडवून धरतो. आता त्या तळव्यावर आणि त्या पावलावर कंबर उचल, आणि उजवा पाय अंगाखालून मागे ओढून घे. सगळा जीव त्या मागे ओढलेल्या पायात आहे. पुढे पाऊल टाकून उठायला गेलीस तर तिच्याच मिठीत जाशील. मागे ओढलास तर उभी राहशील तेव्हा तुमच्यात एक पाऊल अंतर असेल, आणि ते अंतर तुझं आहे, कराटेचं.

इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते, कारण मला वाटतं तुला खरा तोच डाचतो आहे. नाही, सहा वर्षं वाया गेली नाहीत. लिओटो माचिदा शोतोकान कराटेतून आला आणि 2009 मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. समोरच्याला त्याचं अंतर कळायचंच नाही. आत्ता लांब आहे म्हणेपर्यंत ठोसा लागलेला असायचा. जॉर्ज सेंट-पिएर लहानपणी क्योकुशिन कराटे शिकला. त्याचं उदाहरण तुझ्यासाठी जास्त मोलाचं आहे, कारण शाळा-कॉलेजात तो कुस्ती खेळलाच नव्हता. मागाहून शिकला, आणि ऑगस्ट 2007 मध्ये जॉश कॉश्चेकला, म्हणजे अमेरिकन कॉलेज कुस्तीच्या राष्ट्रीय विजेत्याला, त्याने कुस्तीतच मागे टाकलं. टेकडाउनला, म्हणजे समोरचीला पाडायला, वेळ साधावी लागते. कराटेने तुला एका ढांगेत आत शिरणं आणि समोरचीचा श्वास ओळखणं शिकवलं आहे. तेच पाय आता ठोशाऐवजी पट काढायला आत शिरतील.

काही सवयी मात्र मोडाव्या लागतील. कराटेच्या गुणांच्या लढतीत, कुमितेत, ठोसा लागला की 'यामे' (थांबा) होतं आणि दोघी थांबतात. तुझं शरीरही एक मारून थांबत असेल, मला खात्री आहे. इथे कुणी थांबवणार नाही, दुसरा आणि तिसरा ठोसा मारायची सवय लावावी लागेल. सरळ रेषेत मागे जाणंही सोड. मागे केजची जाळी असते, आणि जाळीला पाठ लागली की ती मुलगी कंबर धरायला मोकळी. हनुवटी खाली, हात वर. यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ उभ्याच्या खेळाला दे. बॉक्सिंग की मुए थाई, यात मी फार वेळ घालवणार नाही. मुए थाईत गुडघे, कोपरं, नडगीची किक आणि धरून झुंजणं हे सगळं येतं, म्हणून मी तिकडे झुकेन. पण शिकवणारा चांगला बॉक्सिंगचा असेल तर बिनधास्त बॉक्सिंग घे. फक्त लक्षात ठेव: एमएमएचा ग्लोव्ह जेमतेम चार औंसांचा, त्याआड चेहरा लपत नाही. आणि नुसत्या हातांवर कुणी भागवू नये. जेम्स टोनी कित्येक वजनगटांतला बॉक्सिंगचा जगज्जेता होता. 2010 मध्ये रँडी कुटूरने वाकून त्याचा पाय धरला आणि पहिल्याच राउंडमध्ये त्याला टॅप करावं लागलं.

थोडक्यात तुझ्या तीन संध्याकाळी: एक कुस्तीची, एक गीशिवायच्या जिउ-जित्सूची, एक उभ्याची. सहा महिने यात काही बदलू नकोस. दर महिन्याला नवी कला चाखणाऱ्या खूप मुली मी पाहिल्या. बोलायला त्यांना सगळं येतं, पण मॅटवर त्या दोन मिनिटांत पाठीवर असतात. सहा महिन्यांनी एमएमएचा एकत्र वर्ग सुरू कर, जिथे ठोसा मारता मारता पट काढायला आणि पट अडवता अडवता गुडघा मारायला शिकवतात. तोवर हे तिन्ही तुकडे वेगवेगळेच राहतील, त्याने खट्टू होऊ नकोस.

जिम निवडताना पाटीवर काय लिहिलंय ते बघू नकोस. शेवटचा अर्धा तास बसून बघ. समोरची खरंच विरोध करते आहे का, की नुसती कवायत चालली आहे? नव्या मुलीला जुनी मुलगी कशी वागवते? टॅप झाल्या क्षणी पकड सुटते का? एकाही ठिकाणी ती अर्धा सेकंद उशिरा सुटताना दिसली आणि कोच काही बोलला नाही, तर उठून ये. मॅट रोज पुसतात का, ते विचार. नायटा आणि पू धरणारे संसर्ग या खेळात सहज पसरतात. सराव झाला की लगेच अंघोळ, आणि अंगावर चट्टा असेल तर बरा होईपर्यंत मॅटवर पाय ठेवायचा नाही. आणखी एक. वर्गात बाकी सगळी मुलंच असली म्हणून मागे फिरू नकोस, पण कोच तुझ्या वजनाचा, डोकं ठिकाणावर असलेला जोडीदार देतो की नाही हे पहिल्याच दिवशी बघ.

डोक्याबद्दल मी कडक बोलणार आहे. पहिले काही महिने जोरात स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, नाही. पुढेही आठवड्यातून एकदा पुरे, आणि तेही ओळखीच्या, विश्वासाच्या जोडीदाराशी. डोक्याला फटका बसून गरगरलं, मळमळलं, उजेड सहन होईना झाला किंवा मधला काही वेळ आठवेना, तर त्याच क्षणी सराव बंद, डॉक्टर गाठायचा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत परत फिरकायचं नाही. पहिली इजा भरून यायच्या आत दुसरा फटका बसला तर जिवावर बेतू शकतं. कोच म्हणाला "काही होत नाही, चालू ठेव," तर तो कोच सोड. मी एकदा नाही सोडला. त्यानंतरचे तीन आठवडे मला दिव्याकडे बघवत नव्हतं. तुला मी तिथे जाऊ देणार नाही.

हौशी लढतीचे नियम ठिकाणागणिक बदलतात. कुठे डोक्यावर कोपर चालत नाही, कुठे नडगीला पॅड बांधावे लागतात, कुठे राउंड लहान असतात. वर्षभराने तयारी वाटली की नियमांचा कागद मागून घे आणि त्याप्रमाणे सराव कर. पहिल्या लढतीसाठी वजन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. पाणी तोडून दोन-चार किलो खाली जायचं आणि कोरड्या शरीराने डोक्यावर फटके खायचे, हा व्यवहार पहिल्याच लढतीला मुळीच परवडत नाही. ज्या वजनाने तू रोज सराव करतेस, त्याच गटात उतर.

आता या आठवड्याचं काम. त्याच जिममध्ये परत जा. ती लहानखुरी मुलगी भेटली तर तिला सांग, "मला पाड आणि वर बस, मला उठायचा सराव करायचाय." बहुतेक जणींना हे ऐकून बरं वाटतं. कधीतरी त्याही तशाच खाली पडून होत्या. दहा वेळा करा. पहिल्या आठ वेळा तू उठणार नाहीस. नवव्या वेळेला कुशीवर तरी होशील. आणि ज्या दिवशी तो मागचा पाय अंगाखालून निघेल आणि तू तिच्यासमोर हात वर करून उभी असशील, त्या रात्री मला दोन ओळी लिही. मी वाट बघते आहे.